छापलेल्या शब्दाला उत्तर देता येतं

१८५५ च्या फेब्रुवारीत 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती मिशनच्या पत्रात एक निबंध छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. लिहिणारी होती मुक्ता साळवे, वय वर्षं चौदा, मातंग समाजातली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी. निबंधाचा पहिला भाग १५ फेब्रुवारीच्या अंकात आला, दुसरा १ मार्चच्या. वेद ब्राह्मणांचेच असतील आणि आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आमचा धर्म कोणता ते देवाने आम्हाला सांगावं, असं ती विचारते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, असं लिहिते.

आता त्या काळचं पुणं डोळ्यांसमोर आणा. धर्माचा प्रश्न तेव्हा शास्त्र्यांच्या सभेत सुटायचा, जातीचा प्रश्न जातपंचायतीत. या मुलीला त्यातल्या एकाही जागी तोंड उघडता आलं नसतं, सभेच्या दारापर्यंतही पोचता आलं नसतं. कागदावर मात्र तिचं वाक्य एखाद्या शास्त्र्याच्या वाक्याइतक्याच मोठ्या अक्षरात, तशाच शाईत उभं राहिलं. वाचणाऱ्याला ते पटो न पटो, त्याला ते शेवटपर्यंत ऐकावं लागलं, कारण छापलेल्या माणसाला मध्येच 'गप्प बस' म्हणता येत नाही.

समाजसुधारणेत छपाईचा वाटा काय, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं, 'ज्ञानाचा प्रसार झाला'. ते खोटं नाही, पण त्यात मुख्य गोष्ट निसटते. मला वाटतं, छपाईने सगळ्यात मोठी देणगी दिली ती उत्तर देण्याच्या सोयीची. ज्याच्यासमोर बसायची परवानगी नाही, त्याला उत्तर देता यायला लागलं. पुण्यातल्या माणसाला मुंबईतून, मोठ्या अधिकाऱ्याला टोपणनावाने, आणि मेलेल्या माणसालाही. गेल्या दोनशे वर्षांत आपल्याकडे ज्या सुधारणा झाल्या, त्यांच्यामागे अशा उत्तर-प्रत्युत्तरांची लांब साखळी आहे.

छपाईच्या आधी आपल्याकडे वाद होत नव्हते असं अजिबात नाही. कीर्तनं होती, प्रवचनं होती, चावडीवरची भांडणं होती, पंडितांचे शास्त्रार्थ होते. संतांनी अभंगातून जे सुनावलं ते आजही झोंबतं. पण तोंडी वादाला एक मर्यादा असते. तो झाला की हवेत विरतो, मागे राहते ती कोण जिंकलं याची आठवण, आणि ती प्रत्येकाची वेगळी. १८५७ च्या सुरुवातीचे काही महिने मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जाहीर वाद रंगले. लोक गर्दी करून ऐकायला जायचे. त्या वादांची पुढे पुस्तकं निघाली, म्हणून कोण काय बोललं ते आज आपल्याला ताडून पाहता येतं. पुस्तक निघालं नसतं तर फक्त 'बुवांनी पाद्र्यांची कशी जिरवली' एवढं उरलं असतं, किंवा दुसऱ्या बाजूकडून त्याच्या नेमकं उलट.

छापलेल्या वादात प्रतिस्पर्ध्याचं वाक्य जसंच्या तसं समोर धरता येतं. 'तुम्ही अमुक तारखेच्या अंकात असं लिहिलंत' असं म्हटलं की त्याला 'मी असं बोललोच नाही' म्हणता येत नाही. शिवाय उत्तर त्याच क्षणी द्यावं लागत नाही. रात्रभर विचार करून, ग्रंथ उघडून, सकाळी लिहिता येतं. ज्याला सभेत बोलताना घाम फुटतो, पण ज्याच्याकडे मुद्दा आहे, अशा माणसासाठी ही फार मोठी गोष्ट होती. बायकांसाठी तर होतीच.

मग हे यंत्र आपल्याकडे इतक्या उशिरा का रुजलं? गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता, जेझुइटांबरोबर. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. भाषा अस्सल मराठी, ओवी ज्ञानेश्वरीच्या वळणाची, आणि लिपी रोमन. कारण देवनागरीचे खिळे नव्हते. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं ही कला घाट चढून वर आली नाही. पोथ्या हातानेच लिहिल्या जात होत्या, लिहिणारे होते, वाचणारे थोडे होते, आणि ज्यांच्या हातात विद्या होती त्यांना ती अधिक पसरावी अशी निकड नव्हती.

खिळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. मोबाइलवर अंगठ्याने टाइप करणाऱ्या आपल्या पिढीला त्यातली मेहनत कळणं अवघड आहे. मी लहान असताना आमच्या पेठेत एक छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं असलं काम. तिथले जुळारी काका एका हातात लोखंडी पट्टी धरून दुसऱ्या हाताने समोरच्या खणांतून शिशाचे खिळे वेचायचे. प्रत्येक खिळ्यावर एक अक्षर, तेही उलटं, आरशात दिसावं तसं. पट्टीवर ओळ तयार व्हायची ती वाचायला मला जमत नसे, ते मात्र ती सरळ वाचल्यासारखी वाचायचे आणि त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक बोटाच्या नखाने दाखवायचे. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, लहान-मोठी धरून बावन्न. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरं. 'क्र' वेगळा, 'क्ष' वेगळा, 'क्त' वेगळा. खण शेकड्यांनी. सुरुवातीच्या काळात अक्षर एक तुकडा, वरची मात्रा दुसरा आणि खालचा उकार तिसरा असे जोडून ओळ बसवावी लागायची. वर्तमानपत्राचा एक रकाना म्हणजे असे हजारो तुकडे, आणि छापून झालं की ते सगळे सोडवून पुन्हा आपापल्या खणात टाकायचे.

म्हणून मराठी छपाईच्या गोष्टीत संपादकांच्या आधी कारागिरांची नावं यायला हवीत. १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीने मराठीचं व्याकरण छापलं. मुंबईत अमेरिकन मिशनने छापखाना काढला. त्या छापखान्यात काम शिकलेले गणपत कृष्णाजी हे भंडारी समाजातले गृहस्थ. त्यांनी शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावर मजकूर उतरवून छापायच्या यंत्रावर, १८३१ मध्ये छापील पंचांग काढलं. पंचांग ही त्या काळी घरोघरची गरज, पण छापलेलं पंचांग हातात घ्यायला लोक बिचकायचे. शाईत चरबी असते, विटाळ होतो, अशी भीती होती. गणपत कृष्णाजींनी धर्मग्रंथांसाठी शाईत तूप वापरलं, असं सांगतात. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सुधारणा घडवण्याआधी छपाईला स्वतःला सोवळ्यातून वाट काढावी लागली. पुढे १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या अक्षरं कोरणाऱ्या कारागिराच्या हातामुळे निर्णयसागरचं देवनागरी वळण देशभर नावाजलं गेलं.

बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघालं. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र म्हणून आपण तो दिवस पत्रकार दिन पाळतो. पानावर दोन रकाने, एकात इंग्रजी आणि शेजारी मराठी. पहिले काही महिने पाक्षिक, मे महिन्यापासून साप्ताहिक. ही दोन रकान्यांची मांडणी नीट पाहा. राज्यकर्त्याला कळावं म्हणून इंग्रजी, आपल्या लोकांना कळावं म्हणून मराठी, आणि दोघांना एकच मजकूर. सरकारला एक आणि घरात दुसरं बोलायची सोयच ठेवली नाही. बाळशास्त्री तेव्हा वयाच्या विशीच्या आसपास होते. 'दर्पण' १८४० मध्ये बंद पडलं आणि १८४६ मध्ये ते स्वतः गेले. त्याआधी १८४५ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरी संपादून शिळाछापावर काढली होती. जी पोथी ठरावीक घरांच्या फडताळात होती, ती विकत मिळायला लागली.

खरी ठिणगी पडली ती 'प्रभाकर'मध्ये. भाऊ महाजनांनी १८४१ मध्ये हे साप्ताहिक सुरू केलं. १८४८ च्या मार्चपासून त्यात 'लोकहितवादी' या सहीने पत्रं यायला लागली, ती १८५० पर्यंत येत राहिली. एकूण १०८ पत्रं, आज आपण त्यांना शतपत्रे म्हणतो. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख होते, सरकारी नोकर, जातीने ब्राह्मण, पुण्याच्या जुन्या वळणाच्या समाजात वाढलेले. ब्राह्मणांनी अर्थ न कळता पाठांतर करण्यात जन्म घालवला, विधवांचे हाल चालवले, बालविवाह चालू ठेवले, नवी विद्या टाळली, असं ते थेट लिहीत गेले. हे स्वतःच्या नावाने वाड्याच्या चौकात उभं राहून बोलायचं म्हटलं असतं तर काय झालं असतं? टोपणनावामुळे लोकांना आधी मुद्द्याशी झुंजावं लागलं, माणूस नंतर.

पुढचं आणखी मोलाचं आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' हे मासिक काढलं आणि तिच्यात लोकहितवादींवर तुटून पडले. म्हणजे पाव शतकापूर्वीच्या पत्रांना हे उत्तर होतं. चिपळूणकरांचं म्हणणं मला पटत नाही, विशेषतः फुल्यांबद्दल त्यांनी जे लिहिलं ते वाचताना वाईट वाटतं. पण त्यांना इतक्या वर्षांनी हत्यार उपसावं लागलं, हाच शतपत्रांच्या ताकदीचा पुरावा आहे. बोललेलं असतं तर केव्हाच विसरलं गेलं असतं.

इथे एक शंका येईलच. वाचता येणारे होतेच किती? १९०१ ची जनगणना पाहिली तरी देशभरात शंभरातल्या पाच-सहा जणांनाच लिहिता-वाचता येत होतं. त्याआधी पन्नास वर्षं तर त्याहून कमी. मग हे सगळं मूठभरांचं भांडण होतं का? एका अर्थी होतं. पण वर्तमानपत्राचा एक अंक म्हणजे एक वाचक असं तेव्हा नव्हतं. एकाने मोठ्याने वाचायचं आणि दहा-वीस जणांनी ऐकायचं, ही आपली जुनी सवय. पोथी अशीच ऐकली जायची, त्याच पारावर आता वर्तमानपत्र आलं. पोथी ऐकून माणूस हात जोडायचा, वर्तमानपत्र ऐकून वाद घालायचा. त्यात १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि १८५४ मध्ये देशभर टपालाचा एकच स्वस्त दर आला, अर्ध्या आण्यात पत्र कुठेही. वाचकाचं पत्र संपादकाकडे आणि अंक वाचकाकडे, दोन्ही वाटा मोकळ्या झाल्या.

छापलेला वाद रस्त्यावर, घरात आणि कोर्टात कसा पोचतो हे विधवाविवाहाच्या प्रश्नात स्पष्ट दिसतं. कायदा १८५६ मध्ये झाला होता, पण कायदा झाला म्हणून कोणी विधवेशी लग्न करत नव्हतं. बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी शास्त्रांतून आधार काढून पुस्तक लिहिलं होतं. ते विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणलं. हेच विष्णुशास्त्री १८६२ मध्ये निघालेल्या इंग्रजी-मराठी 'इंदुप्रकाश'च्या मराठी बाजूचे संपादक, आणि विधवाविवाहोत्तेजक मंडळाचे मुख्य कार्यकर्ते. १८६९ मध्ये मुंबईत मंडळाच्या पुढाकाराने एक विधवाविवाह लागला आणि सुधारकांवर बहिष्कार पडला. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर दोन्ही पक्षांचे पंडित बसले, निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. जुन्या काळी प्रश्न तिथेच संपला असता. इथे तो संपला नाही, कारण दोन्ही बाजूंचे आधार आता छापील स्वरूपात लोकांच्या हातात होते. पंचांनी काय ठरवलं यापेक्षा कोणाचा आधार टिकतो, हे ज्याला वाचता येत होतं तो स्वतः ठरवायला लागला.

त्याच सुमाराला मुंबईत गाजलेला महाराज खटला मराठी नव्हे, गुजराती समाजातला. करसनदास मुळजींनी आपल्या 'सत्यप्रकाश' पत्रातून वैष्णव पंथाच्या महाराजांच्या अनाचारावर लिहिलं. महाराजांनी पन्नास हजार रुपयांच्या अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८६२ मध्ये तो चालला, डॉ. भाऊ दाजींनी साक्ष दिली, आणि महाराज हरले. ज्याच्या पायाचं तीर्थ लोक घेत होते तो माणूस कोर्टात उलटतपासणीला उभा राहिला. एका लेखाने त्याला तिथवर आणलं.

छापखाना मुळात सुधारकांच्या बाजूचा होता, असं मात्र कुणी समजू नये. व्रतवैकल्यांच्या पोथ्या, माहात्म्यं आणि जातीचा मोठेपणा सांगणारी पुस्तकं त्याच यंत्रांवर धडाधड निघत होती. संमतिवयाच्या वादात तर दोन्ही बाजूंना उत्तम लेखण्या होत्या. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर, 'मराठा' टिळकांकडे. कोल्हापूरच्या दिवाणांबद्दलच्या मजकुरावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले. आणि पुढे सामाजिक सुधारणेवरून इतकं बिनसलं की आगरकर बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. 'इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार' हे त्यांचं ब्रीद. १८९१ च्या कायद्याने मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा केलं, त्यावर वर्षभर पुण्या-मुंबईची पत्रं धगधगत होती. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये, असं टिळक म्हणत होते. दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या शरीराला कोणी वाली नको का, असं आगरकर विचारत होते. रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राचे दाखले काढून कायद्याला पाठिंबा दिला, टिळकांनी त्या दाखल्यांवर आक्षेप घेतले. आगरकरांची तर लोकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. घरासमोरून स्वतःची तिरडी जाताना पाहिलेला हा माणूस पुढच्या आठवड्याचा अंक लिहायला पुन्हा टेबलाशी बसायचा. दम्याने आधीच पोखरलेले आगरकर १८९५ मध्ये, चाळिशीच्या आत गेले.

आता एक साधा प्रश्न विचारून पाहा. इथवरच्या संपादक-लेखकांच्या नावांत कोण नाही? शेतकरी नाही, गिरणीकामगार नाही, आणि मुक्ता साळवेचा एक निबंध सोडला तर अस्पृश्य नाही, स्त्रीही नाही. मुक्ताचा निबंधसुद्धा मिशनच्या पत्रात आला, ज्याचा स्वतःचा हेतू धर्मप्रसाराचा होता. दुसऱ्याच्या छापखान्यात जागा मिळते ती दुसऱ्याच्या मर्जीने. जोतीराव फुल्यांना हे फार लवकर कळलं. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची सभा भरायची होती, फुल्यांना निमंत्रण होतं. त्यांनी जायचं नाकारलं आणि पत्र लिहिलं. तुमच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय. 'घालमोडे दादा' हा त्या पत्रातला शब्द आजही साहित्य संमेलनाच्या दिवसांत कुणाला तरी आठवतोच. ते पत्र 'ज्ञानोदया'ने छापलं.

तोवर फुल्यांच्या माणसांनी स्वतःचं पत्र काढलंही होतं. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ ला पुण्यात 'दीनबंधू' सुरू केलं. पैशाअभावी ते डबघाईला आलं, तेव्हा नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८० मध्ये ते मुंबईला नेलं. लोखंडे गिरणीत काम केलेले. त्यांच्या 'दीनबंधू'त कामगारांचे कामाचे तास, भोंग्याची वेळ, दंडाची कापाकापी असे विषय यायला लागले, जे पुण्याच्या विद्वान पत्रांना बातमी वाटत नव्हते. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेऊन मागण्यांचा अर्ज केला, त्यावर सुमारे साडेपाच हजार सह्या होत्या. आठवड्याची सुट्टी ही त्यातली एक मागणी. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी ती मान्य केली. पुढे याच 'दीनबंधू'च्या संपादक तानुबाई बिर्जे झाल्या. पतीच्या निधनानंतर त्यांनी हे पत्र चालवलं. देशातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री संपादकांत त्यांचं नाव घेतात, आणि तरीही शाळेच्या पुस्तकात ते क्वचितच भेटतं.

भालेकरांचा मुलगा मुकुंदराव पाटील. त्यांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' काढलं, आणि ते काढलं खेड्यातून, नगर जिल्ह्यात. पुढे तरवडी हे गाव त्याचं ठाणं झालं. वीज नाही, रेल्वे दूर, कागद आणायला शहर गाठायचं, आणि अशा ठिकाणी छापखाना थाटून १९६७ पर्यंत फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या विचारांचं पत्र चालवलं. सावकारी, भटजींची दक्षिणा, बायकांवरचे जुलूम, शेतीमालाचे भाव असल्या विषयांवर हा माणूस आयुष्यभर लिहीत राहिला. जेव्हा लोक म्हणतात की मराठी पत्रकारिता म्हणजे पुणे-मुंबई, तेव्हा मला तरवडीच्या त्या यंत्राची आठवण द्यावीशी वाटते.

आणि मग 'मूकनायक'. ३१ जानेवारी १९२० चा पहिला अंक. शाहू महाराजांनी डॉ. आंबेडकरांना त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. पत्राच्या माथ्यावर तुकोबांचा अभंग, 'काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें'. त्याच अभंगात पुढे 'मुकियांचा' हा शब्द येतो, मुक्यांचा जगात कोणी नसतो या अर्थाने. मुंबईतली बहुतेक पत्रं आपापल्या जातीचं हित पाहतात, असं पहिल्याच अग्रलेखात स्पष्ट लिहिलं. हिंदू समाज हा मनोरा आहे, एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि या मनोऱ्याला शिडी नाही, ही उपमाही तिथलीच. 'मूकनायक' निघतो आहे एवढी जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊनही छापली नव्हती. छपाईचं दार सगळ्यांना उघडं आहे, असं म्हणणाऱ्याने ही एक गोष्ट लक्षात ठेवावी. दार होतं, त्याला कडीही होती, आणि कडी आतून होती.

स्वतःचं पत्र का लागतं, हे सात वर्षांनी आणखी लख्ख दिसलं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं पाणी प्यायली. त्यानंतर तिथे सत्याग्रहींना मारहाण झाली, आणि वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. बरोबर चौदा दिवसांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक बाहेर पडला. तळ्यावर काय घडलं, कोणी मारलं, कायदा काय सांगतो, विरोधकांचा कोणता मुद्दा कुठे लंगडा पडतो, हे सगळं त्यात क्रमाने आलं. चोवीस-चोवीस रकाने मजकूर बाबासाहेबांना एकहाती लिहावा लागायचा. दिवसा वकिली, सभा, विद्यार्थी, आणि रात्री रकाने. वर्गणीदार थोडे, त्यांतही वर्गणी देणारे आणखी थोडे. १९२९ मध्ये पत्र बंद पडलं. पण महाडच्या बाबतीत त्यांची बाजू फक्त विरोधकांच्या अवतरणचिन्हांत अडकून राहिली नाही. आज महाडवर लिहिणारा प्रत्येक जण त्या अंकांकडे जातो.

सरकारचा दट्ट्या या सगळ्यांच्या मानेवर होताच. १८७८ मध्ये देशी भाषांतल्या पत्रांसाठी खास कायदा आला, चार वर्षांतच तो मागे घ्यावा लागला. राजद्रोहाचं कलम मात्र राहिलं, आणि 'केसरी'तल्या मजकुरासाठी टिळकांना १८९७ मध्ये आणि पुन्हा १९०८ मध्ये शिक्षा झाली. समाजाचा दट्ट्या कधीकधी त्याहून जड असायचा. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून संततिनियमन आणि लैंगिक आरोग्यावर मोकळेपणाने लिहीत होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. निकाल विरुद्ध गेला, मासिक कर्वे जाईपर्यंत, १९५३ पर्यंत, निघत राहिलं.

शेवटी एका लहानशा पुस्तकाकडे येते. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला मूल झालं, समाजाच्या भीतीने तिने ते मारलं, आणि कोर्टाने तिला फाशी सुनावली. फाशी पुढे कमी झाली. पण या निमित्ताने पुण्याच्या एका पत्रात समस्त बायकांच्या नीतीवर असे काही लेख आले की बुलढाण्यात बसलेल्या ताराबाई शिंदे पेटून उठल्या. मराठा घरातल्या, पडद्याची चाल असलेल्या कुटुंबातल्या. त्यांनी उत्तर लिहिलं, 'स्त्रीपुरुषतुलना'. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पाचशे प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. जे जे दुर्गुण बायकांना चिकटवलेत ते सगळे पुरुषांत नाहीत का, असं विचारत ताराबाई एकेक आरोप उलटून दाखवतात. बायको मेली की दहाव्या दिवशी दुसरी आणायला तुम्ही मोकळे, मग नवरा मेला तर तिनेच काय पाप केलं? भाषा घरातल्या बाईची, चुलीजवळची, आणि धार अशी की आजही वाचताना अंगावर काटा येतो.

लोकांनी पुस्तकावर टीका केली, टिंगल केली. त्यात सत्यशोधक मंडळीही होती. फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेतून ताराबाईंची बाजू घेतली आणि आपल्याच सहकाऱ्यांना सुनावलं. ताराबाईंनी मात्र त्यानंतर काही प्रसिद्ध केल्याचं आढळत नाही. पाचशे प्रती कुठे कुठे गेल्या, किती वाळवीने खाल्ल्या, कोण जाणे. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुस्तक शोधून पुन्हा छापलं. माझ्याकडची प्रत त्यानंतरच्या आवृत्तीची आहे. तिच्या समासात आधीच्या कुणा वाचणारीने पेन्सिलीने एका ओळीशेजारी दोन उभ्या रेघा मारल्या आहेत आणि लिहिलंय, 'हे आईला वाचून दाखवायचं.'